डाळीचे नाव आणि डाळीचा दाणा

आहारात कडधान्ये वाढवा, जवस घ्या, नाचणीला पुन्हा ताटात स्थान द्या, हा सल्ला आज घरोघरी पोहोचला आहे, आणि तो योग्यही आहे. मात्र हे पदार्थ घ्यावेत कोठून, आणि घरी आलेली वस्तू खरोखर त्याच नावाची आहे हे ओळखावे कसे, हे सांगणारा क्वचितच भेटतो. जैन कुटुंबापुढे हा प्रश्न दुहेरी उभा राहतो. ताटात काय येऊ नये याचा सूक्ष्म विचार जैन परंपरेने केला आहे. परंतु जे ग्राह्य ते निर्भेळ आहे का, ही चौकशीही आहारशुद्धीचाच भाग होय. शिवाय समाजातील अनेक घरे धान्य, डाळ, किराणा यांच्या व्यापारात आहेत. घरातील गृहिणी जो प्रश्न विचारते, त्याचे उत्तर दुकानाच्या गादीवर बसलेल्या त्याच घरातील माणसाला द्यावे लागते. पूर्व विदर्भातील एका डाळीची कहाणी या प्रश्नाच्या दोन्ही बाजू स्वच्छ दाखविते.

धानाच्या बांधीतील डाळ

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी मौदा आहे. बाहेरच्या माणसाला मौदा म्हटले की एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र आठवते. तालुक्याची जुनी ओळख मात्र धानाची. येथून पूर्वेकडे भंडारा, गोंदियापर्यंत धानाच्या बांध्या पसरत जातात. धान कापणीला येण्यापूर्वी, बांधीतील पाणी उतरलेले असते पण जमिनीत ओल टिकून असते, अशा वेळी उभ्या पिकातच लाखोळीचे बी फेकून पेरण्याची येथे जुनी रीत आहे. तिला उतेरा म्हणतात. वेगळी नांगरट नको, पाण्याची पाळी नको, खतही नको. धान कापून नेल्यावर उरलेल्या ओलीवर हे पीक वाढते, निळसर फुलांनी बहरते आणि उन्हाळ्यापूर्वी शेतकऱ्याच्या घरात डाळ येते.

लाख, लाखोळी, लाखोरी अशी तिची येथील नावे. हिंदीत तिला खेसारी म्हणतात, तर छत्तीसगडात तिवडा. कोवळ्या पाल्याची भाजी, डाळीचे वरण, भिजवून वाटलेल्या डाळीचे वडे हे या भागातील गरिबाचे आणि शेतकऱ्याचे जेवण. तिच्यातील प्रथिनांचे प्रमाण तुरीपेक्षाही अधिक आहे. इतकी स्वस्त, इतकी पौष्टिक आणि निसर्गाच्या भरवशावर येणारी डाळ आरोग्यदायी पदार्थांच्या यादीत पहिली असायला हवी होती. प्रत्यक्षात तिचे नाव अनेक दशके भेसळीच्या संदर्भातच घेतले गेले.

दोष दाण्याचा आणि दोष उपासमारीचा

लाखोळीच्या दाण्यात ओडीएपी नावाचे एक द्रव्य असते. भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते दाण्यातून वेगळे करून ओळखले. हे द्रव्य मज्जासंस्थेवर परिणाम करते. दुसरे काही खावयास न मिळाल्याने जो मनुष्य दोन-चार महिने प्रामुख्याने याच डाळीवर जगतो, त्याच्या पायांत ताठरपणा येऊन कायमचे अपंगत्व येऊ शकते. या व्याधीला लॅथिरिझम म्हणतात. एकदा आलेला हा पांगळेपणा बरा होत नाही.

इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात सागर परिसरातील अशा गावांची हकिकत नोंदविली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने, पुढील वर्षी अवर्षणाने आणि १८३१ मध्ये रोगाने गहू बुडाला. खेसारी मात्र तग धरून राहिली. लोकांनी तिच्यावरच दिवस काढले. १८३३ पासून तिशीच्या आतील माणसांचे पाय जाऊ लागले. हे केवळ भारतातच घडले असे नाही. १८११-१२ मध्ये माद्रिद शहरात दुष्काळ पडला तेव्हा याच दाण्याच्या पिठावर जगणाऱ्यांचे चित्र गोया या थोर चित्रकाराने कोरून ठेवले. दुसऱ्या महायुद्धात, आजच्या युक्रेनमधील व्हाप्नियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना हाच दाणा रोजचे अन्न म्हणून दिला गेला आणि शेकडो कैदी पांगळे झाले. त्यांच्यातीलच एक कैदी डॉ. आर्थर केसलर यांनी व्याधीचे कारण ओळखले.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. जेथे ताटात दुसरे काही उरले नाही, तेथेच ही डाळ विष ठरली. भाताबरोबर, भाजीबरोबर, इतर डाळींच्या पाळीत अधूनमधून ती खाणाऱ्या घरांची स्थिती निराळी होती. गावोगावच्या स्त्रिया ही डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देत. ओडीएपी पाण्यात विरघळणारे असल्याने त्याचा मोठा अंश या रीतीने निघून जातो, हे पुढे प्रयोगशाळांनीही दाखविले; मात्र सर्व अंश जात नाही, हेही तितकेच खरे.

बंदी, लढा आणि नवे वाण

१९६१ मध्ये अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांत लाखोळी, तिची डाळ, तिचे पीठ आणि हरभऱ्याबरोबर केलेले तिचे मिश्रण यांच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली. राज्य सरकारने अधिसूचना काढली की ती त्या राज्यात लागू होई. पुढे अन्न सुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये आलेल्या नियमावलीतही ही तरतूद उतरली.

बंदीने पेरणी थांबली नाही. बांधीत पीक येतच राहिले आणि बाजारात त्याला स्वतःचे नाव उरले नाही. ज्या मालाला उजळ माथ्याने विकता येत नाही, तो दुसऱ्याच्या नावाखाली जातो, हा बाजाराचा जुना नियम आहे. लाखोळीची भरडलेली डाळ रंगाने तुरीच्या व हरभऱ्याच्या डाळीजवळ जाते. त्यामुळे ती तूरडाळीत मिसळली जाऊ लागली आणि बेसनात दळली जाऊ लागली. खाणाऱ्याला ती आपल्या ताटात आहे याचा पत्ताच नसे; म्हणून भिजवून पाणी टाकण्याची काळजीही कोणी घेत नसे.

नागपूरच्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून दीर्घकाळ लढा दिला, उपोषणेही केली. गरिबाच्या ताटातील स्वस्त प्रथिने आणि धानउत्पादकाचे बिनखर्ची पीक बंदीमुळे हिरावले जाते, हा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्या बाजूस कृषिशास्त्रज्ञ कमी ओडीएपी असलेल्या वाणांच्या मागे होते. रतन, प्रतीक आणि महातिवडा हे वाण त्यातून आले. २०१६ च्या प्रारंभी या तीन वाणांबाबत तज्ज्ञांनी अनुकूलता दर्शविल्याचे जाहीर झाले आणि देशभर पुन्हा वाद पेटला. विरोधकांचा आक्षेप सरळ होता : दाण्याकडे पाहून त्याचे वाण सांगता येत नाही, मग कमी विषाचा माल कोणता आणि जुना माल कोणता, हे बाजारात ओळखणार कोण?

या वादात कोणती बाजू घ्यावी, याबद्दल प्रामाणिक माणसांत मतभेद होऊ शकतात. परंतु लाखोळी तुरीच्या नावाने विकावी असे त्यांपैकी कोणीही म्हटलेले नाही. डाळ स्वतःच्या नावाने विकणे हा धोरणाचा प्रश्न आहे. ती दुसऱ्या डाळीत मिसळणे हा नीतीचा प्रश्न आहे.

प्रतिरूपक व्यवहार

जैन श्रावकाला हा नीतीचा प्रश्न नवा नाही. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत प्रतिरूपक व्यवहार हा एक आहे. चांगल्या मालात त्याच्यासारखा दिसणारा हलका माल मिसळून विकणे, असा त्याचा अर्थ. खोटी मापे वापरणे आणि राज्याचे निर्बंध ओलांडून व्यापार करणे हेही त्याच पंक्तीत बसविले आहेत. दीड हजार वर्षांहून जुन्या या ग्रंथाने भेसळीला अन्नाच्या प्रकरणात न ठेवता चोरीच्या प्रकरणात ठेवले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ग्राहक तुरीचे पैसे देतो आणि त्याला तूर मिळत नाही. उरलेला भाग त्याच्यापासून चोरलेलाच असतो. त्यात त्याचे आरोग्यही गेले, तर हानी हिंसेपर्यंत जाऊन पोहोचते.

ताटात काय वाढवावे

आता घरातील ताटाकडे पाहू. शाकाहारी कुटुंबाची प्रथिनांची भिस्त दूध आणि डाळींवर असते. कच्च्या डाळीत दर १०० ग्रॅमला सुमारे २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. परंतु वाटीभर पातळ वरणात डाळ असते ती मूठभरच. म्हणून वरण घट्ट करणे आणि आठवड्यात डाळी बदलत राहणे, ही पहिली सुधारणा. तूर, मूग, मठ, चवळी, उडीद, हरभरा अशी पाळी ठेवली तर एकाच डाळीवरचा भार कमी होतो. लाखोळीच्या इतिहासाचा धडाही हाच आहे : विविधता हे स्वतःच एक संरक्षण आहे. डाळीत जी अमिनो आम्ले कमी पडतात ती धान्यात असतात आणि धान्यातील उणीव डाळ भरून काढते. वरणभात, खिचडी, थालीपीठ यांची जोडी म्हणूनच शास्त्रशुद्ध ठरते.

कडधान्यांना मोड आणून खाण्याचा सल्ला आहारतज्ज्ञ देतात. मोड आलेले धान्य अनंतकाय मानणाऱ्या घरांत ते चालत नाही. त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. डाळ व कडधान्य पुरेसे भिजवून, ते पाणी काढून, नीट शिजविल्यास पचनाचा लाभ बराचसा मिळतो. वर लिंबू पिळले तर डाळीतील लोह शरीराला अधिक मिळते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर ते कमी मिळते. दुकानात दिवसभर चहा घेणाऱ्यांनी जेवणाच्या आगेमागे तासभर तरी तो टाळावा. दह्यादुधाबरोबर द्विदल न घेण्याचा नियम ज्या घरी जसा आहे तसा पाळूनही हे सर्व करता येते.

नाचणीत दर १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गाईच्या तेवढ्याच दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम. ज्वारीची भाकरी विदर्भाला परकी नाही. तिच्या पिठात थोडी नाचणी मिसळली तर चव फारशी बदलत नाही. जवस हे तर विदर्भाचे जुनेच पीक. त्याच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतीतून मिळणाऱ्या ओमेगा-३ चा असतो. भाजलेले जवस, तीळ, जिरे, मीठ आणि मिरची यांची लसणाविना केलेली कोरडी चटणी रोजच्या जेवणात सहज बसते. वनस्पतीजन्य अन्नात ब-१२ हे जीवनसत्त्व मात्र मिळत नाही. दूध कमी घेणाऱ्या, वयस्कर किंवा दीर्घ तप करणाऱ्या मंडळींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची रक्ततपासणी करून घ्यावी.

जवस कुटले की त्याचे तेल हवेच्या संपर्काने लवकर खवट होते. म्हणून चटणी आठवड्यापुरतीच करावी. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस सांगितली आहे. ताजे दळून ताजे वापरण्याची ही शिस्त आधुनिक साठवणशास्त्रालाही मान्य होईल अशीच आहे.

घेताना काय पाहावे

पहिला नियम : शक्य तेथे अखंड वस्तू घ्यावी, दळलेली नव्हे. अखंड दाणा आपली ओळख लपवू शकत नाही. मूठभर तूरडाळ पांढऱ्या ताटलीत पसरावी. तुरीची डाळ गोलसर, अर्ध्या वाटीसारखी दिसते. लाखोळीचा दाणा पाचरीसारखा, एका बाजूने उतरता आणि कडेने चौकोनी भासतो. धान्य निवडण्याची जी सवय जीवदयेपोटी जैन घरात आली, तीच येथे आरोग्याच्या कामी येते. पीठ झाल्यावर ही ओळख पुसली जाते. म्हणून बेसन विकत घेण्यापेक्षा निवडलेली हरभऱ्याची डाळ चक्कीवर दळून आणणे सर्वांत सुरक्षित. आम्ल वापरून करण्याच्या चाचण्या स्वयंपाकघरात करू नयेत. ते काम प्रयोगशाळेचे.

दुसरा नियम : डोळ्यांत भरणाऱ्या रंगाला भुलू नये. डाळ अतिशय पिवळी आणि चकचकीत असेल, किंवा धुताना पाणी लगेच गडद पिवळे होत असेल, तर ती परत करावी. हळद व मिरचीबाबतही हेच लागू आहे. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद किंवा भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे. अशी हळकुंडे आणि अखंड मिरच्या आणून घरी कुटल्या, तर रंग मिसळण्याची संधीच कोणाला राहत नाही.

तिसरा नियम : बुरशी दिसली की मोह सोडावा. शेंगदाणे, मका, खोबरे, मिरची यांवरील काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते आणि भाजल्याने किंवा शिजविल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. बुरशी आलेले अन्न अभक्ष्य मानणारी परंपरा येथे विज्ञानाच्या शेजारीच उभी आहे.

चौथा नियम : कागद पाहावा. पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक, लॉट क्रमांक आणि तारीख असावी. परवाना क्रमांक शुद्धतेची हमी देत नाही. मालाला जबाबदार कोण, हे मात्र सांगतो. ‘सेंद्रिय’ म्हणून जादा दर लावलेल्या पाकिटावर जैविक भारतचे चिन्ह आहे का, तेही पाहावे. सुटा माल घेतला तरी पावती मागावी. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे सामान्य ग्राहकही शुल्क भरून विकत घेतलेल्या अन्नाची अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. तसा इरादा खरेदीच्या वेळी विक्रेत्याला कळवावा लागतो. माल दोषी ठरला तर शुल्क परत मिळते. हा अधिकार फार थोड्यांना ठाऊक आहे.

गादीवरची जबाबदारी

आता दुकानाची बाजू. त्याच कायद्याच्या कलम २६ मध्ये व्यापाऱ्याने मनावर कोरून ठेवाव्यात अशा दोन गोष्टी आहेत. पुरवठादाराने विक्रेत्याला मालाच्या स्वरूपाची व दर्जाची लेखी हमी दिली पाहिजे, आणि बिल हीच अशी हमी समजली जाते. बिलाविना आलेल्या स्वस्त पोत्याबरोबर म्हणूनच हमी येत नाही. जबाबदारी मात्र सगळी येते. दुसरी गोष्ट, एखाद्या लॉटमधील थोडे अन्न असुरक्षित ठरले तर तो संपूर्ण लॉट असुरक्षित मानला जातो. तसे नाही हे दाखविण्याचा भार व्यापाऱ्यावर पडतो.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळल्याने जलोदरासारख्या रोगाची साथ आली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. ते तेल विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने भेसळ केली होती असे नाही. अनेकांनी फक्त विचारले नव्हते. मालाचा उगम न विचारणे हेही व्यापारात एक कृत्यच ठरते.

यावरचे उपाय साधे आहेत. गिरणीचे नाव आणि लॉट क्रमांक वहीत लिहावा. प्रत्येक लॉटमधील मूठभर नमुना चिठ्ठी लावून माल संपेपर्यंत जपून ठेवावा. दर बाजारभावापेक्षा खूपच कमी असेल तर आनंद मानण्यापूर्वी कारण विचारावे. लाखोळी विकावयाची असेल तर राज्यात लागू असलेली अधिसूचना पाहूनच, आणि विकण्यास मोकळीक असेल तरी लाखोळी याच नावाने, वेगळ्या पोत्यात, भिजवून पाणी टाकण्याची सूचना देऊन विकावी. त्यात बांधीत राबणाऱ्या शेतकऱ्याचाही मान राहतो.

पर्युषणातील पारणे, संघाचे स्वामिवात्सल्य, रामटेकच्या शांतिनाथ क्षेत्रासारख्या तीर्थांवरील भोजनशाळा, येथे एकाच लॉटमधून शेकडो ताटे वाढली जातात. घरातील चूक एका कुटुंबापुरती राहते. येथील चूक तपस्व्यांपासून बालकांपर्यंत सर्वांच्या पानात जाते. संघाच्या भोजनासाठी डाळ भेट देणाऱ्या दात्याने पोत्याबरोबर बिलही द्यावे आणि भोजन समितीने ते संकोच न करता मागून घ्यावे. पोते उघडल्यावर मूठभर डाळ ताटलीत पसरून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. एवढे झाल्यावर मग खुशाल चूल पेटवावी.